खळ्यावरचं विमान

धान कापायला आलं की मला ते आधी नाकानं कळतं. खिडकी उघडायच्या आतच वास घरात शिरलेला असतो, ओलसर, गोडसर, थोडा गवताचा आणि थोडा उन्हात तापलेल्या चिखलाचा. यंदाही तसाच आला. आता आमच्या सावरबोडीत कापणीला यंत्र येतं. सकाळी ते धानाच्या बांधीत उतरतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पोती भरून मोकळं होतं. कापलेल्या पेंढ्यांचं पुंजणं रचायला नको, खळं सारवायला नको, आणि बैल तर गावात उरलेच नाहीत. मला याचं वाईट वाटत असेल असं लोक धरून चालतात, कारण म्हाताऱ्या माणसाला जुन्याचं वाईट वाटलंच पाहिजे अशी एक समजूत आहे. मला काही वाईट वाटत नाही. धानाची कुसं ज्यांच्या गळ्यात, पाठीत आणि केसांत महिनाभर टोचली आहेत, ती माणसं यंत्राला नावं ठेवत नाहीत.

फक्त दुपारी यंत्र थांबतं, ड्रायव्हर झाडाखाली डबा सोडून बसतो, आणि शेतावर एकदम शांतता पडते. तेव्हा मी वर बघते. नागपूरकडे जाणारं एखादं प्रवासी विमान फार उंचावरून चाललेलं असतं, त्याचा आवाजही धड खाली पोचत नाही. मी ते दिसेनासं होईपर्यंत बघते. आमच्या घरात ही सवय सगळ्यांना होती. बाबांना नव्हती. बाबांनी वर कधी बघितलं आणि काऊन बघितलं, ते आठवल्याशिवाय माझी एकही सुगी जात नाही.

माझा मोठा भाऊ दिवाकर लढाऊ विमान चालवायचा. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या ऐटीत आणि इतक्या लोकांना सांगितलं आहे की त्याचं मला आता पाठांतर झालं आहे. चिमूरच्या पलीकडे, जंगल आणि तलावांच्या मधल्या आमच्या गावात त्या काळी मोटार आली तर पोरं तिच्या धुळीमागे धावत जायची. त्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा नागपूरच्या वसतिगृहात राहून कॉलेजात शिकला, आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमीत हवाईदलात जाऊन बसला. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरनं त्याला विचारलं होतं म्हणे, की एवढी नजर कुठून आणलीस. दादानं सांगितलं, रानडुकरांपासून धान राखून. हे खरं की त्यानं रचलेलं, मला माहीत नाही. दादाला थोडं रचायची सवय होती, पण लढाईबद्दल तो कधीच काही रचत नसे.

बेचाळीसच्या श्रावणात चिमूरला इंग्रज सरकारविरुद्ध जो उठाव झाला तो आमच्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. बाबा त्या दिवशी चिमूरला होते. तिथे त्यांनी काय केलं आणि काय पाहिलं हे त्यांनी घरात कधी काढलं नाही. पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. ते सुटून आले तेव्हा मधल्या काळात धान दोनदा कापून झालं होतं. अंगणात पाय धुता धुता त्यांनी पहिली चौकशी केली ती मुलाची.

"दिव्या कुठी हाय?"

"विमानात," माय म्हणाली.

"कोनाच्या?"

माय तांब्या घेऊन आत निघून गेली.

दादाची बाजूही मला ठाऊक आहे, कारण पुढे ती त्यानं मलाच सांगितली. जपान ब्रह्मदेश घेऊन आसामच्या दारात आला होता, देश आपला होता, तो राखायला कोणीतरी जायला हवं होतं. हे सगळं खरंच आहे. पण त्याही आधीचं खरं हे, की त्याला उडायचं होतं. सरकार कोणाचं, हे त्यानं विमानात बसल्यावर पाहिलं. इकडे बाबांना ज्या सरकारनं कोंडलं, त्याच सरकारचं विमान घेऊन त्यांचा मुलगा आकाशात मोकळा फिरत होता. दोघांतलं कोण चूक हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. मला दोघंही आवडत होते.

पहिल्या सुटीवर दादा गणवेशात घरी आला. बाबा सपरीत, पुढच्या ओसरीवर, बसले होते. त्यांनी त्याच्याकडे न बघता मला हाक मारली. "शकू, त्याले सांग, पानी तापलं हाय, आंघोळ करून घे म्हना." दादा समोर हातभर अंतरावर उभा होता. मी, लहान पोर, दोघांच्या मध्ये उभी राहून ते वाक्य जसंच्या तसं बोलले. दादानं हसू दाबत मला सांगितलं, "बाबाले म्हना, करतो." त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. मी मोठी झाले, चांद्याला शिकून आले, गावच्याच शाळेत बाई झाले, पण ही चाकरी सुटली नाही. दादा वर्षातून एकदा येई, आणि बाबा त्याच्या ताटात भात वाढतानासुद्धा मला विचारत, की त्याले अजून पाहिजे काय. मुलं माझ्या शिकवण्याची तारीफ करत की बाई एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. ती शिस्त मला या दोघांनी लावली.

मग स्वातंत्र्य आलं. गणवेश तोच, आता तो आपल्या सरकारचा झाला. दादा काश्मीरच्या बर्फावरून उडून आला. बाबांनी बेचाळीसवाले म्हणून शाळेत झेंडा फडकवला. गावानं दोघांना एकाच मांडवात हार घातले. बाबांनी हार गळ्यातून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याचाही घे, फुलं कोमेजतीन." भांडणाचं कारण केव्हाच संपलं होतं, अबोला तेवढा मागे राहिला. इतक्या वर्षांनी बोलायचं तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, एवढाच खरा प्रश्न होता, आणि तो दोघांनाही सुटत नव्हता. अबोला माणसाला असा अंगवळणी पडतो की तो मोडायला निमित्तही मोठं लागतं.

ज्या सुगीची मला आठवण येते ती पन्नासनंतरची आहे. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तलाव कोणाचा यावर गावोगाव वाद चालू होते, पण पाणी सगळ्यांना मिळालं होतं आणि धान असं आलं होतं की लोंब्या बांधावर लोळत होत्या. दादा दिवाळीच्या सुटीवर आला होता. तो आता हैदराबादेकडे नव्या पोरांना विमान शिकवत असे. काश्मीरच्या दिवसांत त्याचं विमान एकदा फार जोरात जमिनीला टेकलं होतं, तेव्हापासून त्याची पाठ धरायची. घरी त्यानं ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

आमच्या तलावावर रामाजी ढिवर मासे धरायचा. दादाच्या बरोबरीचा, दोघं एकाच वर्षी पोहायला शिकलेले. दुपारी दादा त्याच्या डोंग्यात, लाकडी होडीत, जाऊन बसे, आणि मी तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून मुलांच्या पाट्या तपासत त्यांच्या गप्पा ऐके. पाण्यावर कमळाची पानं पसरलेली, पाणकोंबड्या त्यांवरून पळताहेत, आणि रामाजी जाळं उलगडता उलगडता गावातल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो.

"भाऊ, किती विमानं पाडले जी तुमी?"

"एकही नाई."

रामाजी जाळं टाकायचा थांबला. "मंग इतके दिवस काय करून राह्यले होते?"

"पाहून राह्यलो होतो."

आणि मग दादानं आम्हांला त्याची लढाई सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकली. एका माणसाचं विमान, बंदुका लावलेलं, पण काम बघायचं. झाडांच्या शेंड्यांना घासेल इतक्या खालून जायचं. ब्रह्मदेशचं जंगल वरून हुबेहूब आपल्या जंगलासारखं दिसतं, तो म्हणाला, सागवान, बांबू आणि मधूनमधून चमकणारं पाणी. त्यात शत्रूची फौज लपलेली असायची. स्वयंपाकाचा धूर, गाडीच्या चाकोरीची नवी माती, तोडून वर टाकलेल्या फांद्यांचा सुकलेला रंग, असं काहीबाही हेरून परत येऊन नकाशावर दाखवायचं. विमानं जोडीनं निघत. पहिला खाली बघणार, दुसरा त्याची पाठ राखणार. दादाची पाठ राखणारा एक पंजाबी मुलगा होता. तो एका सकाळी परत आला नाही. त्याच्याबद्दल दादा एवढंच म्हणाला, की तो फार गात असे आणि बेसूर गात असे.

"नदीत नावा दिसल्या तं गोळ्याही चालवल्या," दादा पुढे म्हणाला. "हुकूम होता. शत्रूचा दानापानी नावेनं जाये."

रामाजीनं डोंग्याच्या कडेवर हात ठेवला. "नावंत कोन होते?"

"वरून नाव दिसते रामाजी. मानूस नाई दिसत."

रामाजीनं जाळं टाकलं, ते पाण्यावर गोल पसरलं आणि बुडालं. मला दादाचा अभिमान होताच. त्या दुपारी मला त्याची कीव आली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात हे मी तेव्हा शिकले.

त्याच गप्पांत त्यानं पांढऱ्या कापडाचं सांगितलं. खालच्या आपल्या फौजेनं जमिनीवर पांढरे पट्टे अंथरायचे, म्हणजे वरच्याला कळायचं की इथे आपली माणसं आहेत. पण शत्रूही काही कमी नव्हता. तोही तसेच पट्टे अंथरी. तेव्हा दादा आणि त्याचे सोबती एक गोष्ट शिकले, की कापडावर भरवसा ठेवायचा नाही, कापडाभोवतीची माणसं काय करताहेत ते बघायचं. आणि हे सांगता सांगता त्याला कल्पना सुचली. पुढच्या महिन्यात त्याला एक विमान नागपूरला पोचवायचं होतं. साहेबांना विचारून वाट थोडी वाकडी करता आली असती. "पाळीवर पांढरं धोतर आंथरजा," तो म्हणाला, "आपल्या भागात इतके तलाव हायेत का वरून समदे सारखेच दिसतेत. धोतर दिसलं का मी खाली येतो अना मायले सलाम करून जातो."

रात्री जेवताना हे मायच्या कानावर घातलं तर तिनं लगेच पेटीतलं धुवट धोतर काढलं. ते बाबांचं होतं, त्यांच्याच टकळीच्या सुताचं. बाबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "त्याले सांग, धोतर आंगात घालाले असते. पाळीवर वाळू घालाले नाई." मायनं धोतर परत ठेवलं. दादा भात कालवत राहिला.

जायच्या दिवशी मी त्याला बसच्या रस्त्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यानं मला पाठीचं सांगितलं. डॉक्टरांची तपासणी व्हायची होती, आणि ती झाली की त्याला विमानातून खाली उतरवणार हे तो ओळखून होता. "शकू, एवढ्या एका थंडीपुरतंच उडनं राह्यलं. बाबानं मले एकदा तरी वर पाहावं. त्याच्यासाठीच चाललं हे समदं." त्याला मी इतकं उघड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू ये तर, वर बघायचं मी पाहते. म्हटलं खरं, पण बाबांची मान वर करायची कशी हे मला सुचत नव्हतं.

आमच्याकडे गोष्ट पोटात ठेवायची पद्धत नाही, आणि रामाजीकडे तर मुळीच नव्हती. तो टोपली घेऊन गावोगाव मासोळ्या विकायला जाई. कोसंबीत त्यानं सांगितलं की अमक्या दिवशी दिवाकरभाऊ विमान घेऊन येणार, ओळख म्हणून पाळीवर धोतर अंथरायचं. आता कोसंबी म्हणजे आमच्या आत्याचं सासर. आत्या म्हणाली, भाचा माझा, मी काऊन नाई आंथरू? नवेगावात दादाचे शाळेचे गुरुजी होते, त्यांचाही हक्क होता. मोहर्लीचा मामा तर जंगलात पार आत, तिकडे विमान फिरकायचं काही कारण नव्हतं, पण त्याला निरोप पोचला आणि त्यानं नवं धोतर विकत घेतलं. ज्यांचं काहीच नातं नव्हतं त्यांनी म्हटलं, आपल्याच भागातला पोरगा हाय, त्याले वाईट वाटन. झाडीत, आमच्या या जंगल-तलावांच्या मुलखात, माणूस असा सगळ्यांचाच असतो. जावई एका घरचा नसतो, गावाचा असतो, आणि पायलट तर सगळ्या तालुक्याचा. एकालाही वाटलं नाही की सगळ्यांनीच खूण केली तर खूणच राहत नाही.

दादानं पत्रानं कळवलेला तो दिवस उजाडला. चुरणीचे, म्हणजे धानाच्या मळणीचे, दिवस होते. शेणानं सारवलेलं खळं, मधोमध रोवलेली मेढ, तिच्याभोवती पेंढ्या पसरलेल्या आणि त्यांवर बैलांची पात गोल गोल फिरते आहे, असं दृश्य एरवी गावाच्या चहूबाजूंना दिसायचं. त्या दिवशी सगळी खळी थांबली. लोकांनी बैल सोडून झाडाला बांधले, बाया डोक्यावरून पदर घेऊन पाळीवर आल्या. मी शाळा सोडून दिली. आणि पाळीवर एक सोडून तीन-चार धोतरं अंथरली गेली, कारण बाबांचं नाही तर नाही, शेजाऱ्यांकडे काय धोतरांचा दुष्काळ होता.

बाबा मात्र रोजच्यासारखे खळ्यावर गेले. आमचं खळं पाळीच्या खालीच होतं, तिथून पाळीवरचं सगळं दिसत होतं आणि त्यांनी एकदाही तिकडे बघितलं नाही. हातात बैल हाकायची पराणी, ओठांवर बैलांना घालायची ती एकसुरी साद, आणि त्यांच्यापुढे बैल गोल फिरत होते. मी दोनदा खाली जाऊन म्हटलं, बाबा, थोडं थांबा. ते म्हणाले, "धान थांबते काय?"

आवाज आधी आला. दक्षिणेकडून, कोसंबीच्या अंगानं. मग एक ठिपका, मग पंख. आमची पोरं नाचायला लागली. विमान आमच्याकडे न येता कोसंबीवर फिरलं. एक घिरटी, मग तिकडून नवेगावकडे गेलं. तिथे घिरटी. मग आणखी पलीकडे, जिथली गावंही मला ओळखू येत नव्हती. माय धोतराचं टोक उचलून झटकत होती, जणू तेवढ्यानं त्याला दिसणार होतं.

"असा काऊन करून राह्यला थो?" ती म्हणाली. "आपलं गाव भुलला काय?"

रामाजी माझ्यामागे उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "बाई, मी कोसंबीले सांगितलं होतं. नवेगावलेही सांगितलं." मग त्यानं उरलेल्या गावांचीही नावं घेतली. मायनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकून चिखलात गेला. विमान लहान होत होत सागवानाच्या मागे गेलं. आवाज विरला. मला रडू येत होतं, आणि मी शाळेची बाई असल्यामुळे पोरांसमोर रडता येत नव्हतं. दादाला उडायला ही एकच थंडी राहिली होती. खालून बाबांची साद तेवढी ऐकू येत होती, आणि बैलांच्या पायांखाली तणस करकरत होती.

आणि मग विमान पुन्हा आलं. या वेळी ते घिरट्या घेत नव्हतं. सागवानाच्या शेंड्यांवरून, तलावाच्या पाण्यावरून, पाळीवरच्या आमच्या डोक्यांवरून ते सरळ खळ्यावर गेलं, इतकं खालून की पाळीवरची धोतरं उडाली आणि एक तर पाण्यात जाऊन पडलं. बैलांनी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी दावं तोडलं. पात फुटली, दोन बैल लाखोळीच्या शेतात घुसले, एक पुंजण्यावर चढायला लागला, अर्धं धान खळ्याबाहेर गेलं. आणि बाबांनी पराणी उगारून मान वर केली.

"ए दिव्या," बाबा ओरडले, आणि तो आवाज पाळीवर सगळ्यांनी ऐकला, "बैलं बिथरवून राह्यला काय बे माह्ये? उतर खाली. उतर, मंग सांगतो तुले."

विमानानं एक पंख झुकवला, मग दुसरा, आणि ते नागपूरच्या दिशेनं गेलं. बाबा पराणी तशीच उगारून ते दिसेनासं होईपर्यंत बघत उभे होते. मायनं माझा हात धरला. "बोलले," ती म्हणाली. बाकीचे सगळे बैलांमागे धावले.

संध्याकाळपर्यंत आम्ही खळ्याबाहेरचं धान सुपांनी गोळा करत होतो. हात धुऊन पानावर बसल्यावर बाबांनी मला विचारलं, "थोच होता काय?"

"हो."

"दिसला तुले?"

"डोकं दिसलं," मी म्हटलं.

"मले दात दिसले," बाबा म्हणाले. "हासून राह्यला होता." आणि त्यांनी मायकडे आणखी भात मागितला.

पुढे कितीतरी दिवस या भागात तेवढंच बोलणं होतं. कोसंबीची आत्या सांगे, विमान आधी माझ्याकडे आलं. गुरुजी सांगत, नवेगावावर घिरटी सगळ्यांत मोठी होती. मोहर्लीच्या मामानं तर मरेपर्यंत सांगितलं की त्यानं भाच्याचा चेहरा पाहिला आणि भाच्यानं त्याचं नवं धोतर. आम्ही कोणालाच खोडून काढलं नाही. सगळे आनंदात होते, आणि आनंदात असलेल्या माणसाला दुरुस्त करणं हे शाळेत ठीक आहे, नात्यात नाही.

दादा आला तो चुरणी संपत आली तेव्हा. थंडी ओसरत होती, लाखोळीला निळी फुलं आली होती. मी त्याला घ्यायला बसच्या रस्त्यावर गेले. त्याच्याकडे सुटीच्या पिशवीऐवजी ट्रंक आणि वळकटी होती, ती पाहूनच मला कळायचं ते कळलं. ट्रंक रस्त्यावरच्या दुकानात ठेवून आम्ही पायी निघालो. चालताना तो मधूनच थांबून कंबर सरळ करी, आणि मी तेवढ्यापुरती माझ्या चपलेत खडा शोधत असे.

"मले वरून काय दिसलं ठाव हाय?" तो म्हणाला. "जिकडे तिकडे पांढरं. मले वाटलं आख्ख्या झाडीत आज धुणं हाय." मग त्यानं सांगितलं. धोतरांवरून काही उमगेना तेव्हा त्याला जुनी शिकवण आठवली. कापड बघू नये, माणसं बघावी. म्हणून तो दूर जाऊन वळला आणि पुन्हा माणसं बघत आला. प्रत्येक गावाची माणसं पाळीवर हात हलवत होती. प्रत्येक खळं थांबलेलं होतं. साऱ्या मुलखात एकच खळं फिरत होतं, आणि त्यावर एकच माणूस होता ज्यानं वर पाहिलं नव्हतं.

"दुसरा कोन रायते थो?" दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "इतक्या वर्षांत वरून मले पयल्यांदा मानूस दिसला, शकू."

मग मी माझं काम केलं. बाबांचं वाक्य त्याला एक शब्दही न बदलता म्हणून दाखवलं, लेकाच्या नावापासून शेवटच्या दमापर्यंत. त्यानं ते मला पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं, कारण गाव जवळ आलं होतं आणि मला स्वतःला सावरायचं होतं.

बाबा खळ्यावर होते. शेवटची पात चालली होती. दादा खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, चपला काढल्या. मी सवयीनं दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बाबांनी बैल थांबवले.

"बाबा," दादा म्हणाला, "तुमी म्हनलं होतं, उतर खाली. उतरलो. आता पुन्हा वर जाणं नाई."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे, मग कमरेकडे, जिथे त्याचा हात नकळत गेला होता. त्यांना किती कळलं हे मला माहीत नाही, पण मला वाटतं सगळं कळलं.

"पायी आला हे बरं केलं," बाबा म्हणाले. "पायी आल्यावर बैलं बिथरत नाईत." त्यांनी पराणी त्याच्यापुढे धरली. "धर. सावकाश हाक, दम घेत."

दादा बैलांमागून फिरायला लागला. बाबा कडेला बसून पायातली कुसं काढू लागले, आणि मधूनच त्याला सांगत होते, डावा बैल हळू हाय, त्याले सांभाळ. मी खळ्याच्या मधोमध मेढीपाशी उभी होते, आणि दोघांपैकी कोणीही मला काही सांगायला सांगितलं नाही.